एकलहऱ्याचा कट्टा आणि अडकलेला मेल

"नाशिकला जाऊन येऊ," असं बाबा म्हणाले तेव्हा मला वाटलं, पंचवटी, गोदाकाठ वगैरे. कसलं काय. त्यांना जायचं होतं एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत, जिथे त्यांची सगळी नोकरी गेली. तिथले त्यांचे मित्र वसंतकाका आता मुलाकडे कॅनडात असतात. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलं होतं आणि त्याआधी बाबांना त्यांना कट्ट्याचा फोटो पाठवायचा होता. काकांना ऐकू येत नाही, म्हणून फोन बाद. व्हॉट्सॲप दोघंही वापरत नाहीत. त्यांच्या गप्पा मेलवरच.

दुसऱ्याच दिवशी निघालो. पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर जेवायला नाशिकरोडला पोचता. दुरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि बाबा सरसावून बसले. कट्टा अजून आहे. शिफ्ट सुटली की दोघं तिथे चहा प्यायचे. बाबा उजव्या टोकाला जाऊन बसले.

"मध्ये सरका ना."

"असू दे गं, काढ तू."

लॉज स्वच्छ, गरम पाणी मात्र सकाळीच. तिथे बाबांनी मेल लिहिला, तर तो जाईचना. त्यांचा मेलचा पत्ता पुण्यातल्या घरच्या नेट कंपनीने कधीकाळी दिलेला. बाहेरच्या नेटवर आलेले मेल वाचता येतात, पाठवायला मात्र त्याच कंपनीचं कनेक्शन लागतं. कंपनीच्या वेबसाइटवरून कुठूनही पाठवता येतो, पण तिचा पासवर्ड? राम जाणे.

"माझ्या मेलवरून पाठवते," मी म्हटलं.

"वसंत तो उघडायचा नाही. मुलाने बजावलंय, ओळखीचा पत्ता नसेल तर हात लावायचा नाही."

मी वैतागलेच. पत्ता बदला म्हणून किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय.

सकाळी परत निघालो. सिन्नरला मिसळीसाठी थांबलो. झणझणीत असते, दही मागून घ्या. गल्ल्यामागच्या भिंतीवर नेटचा डबा दिसला आणि बाबा उठलेच. "ही आमचीच कंपनी!"

मालक म्हणाले, "लय हळू चालतं काका, पण घ्या की, तुमचंच हाय."

मिसळ गार झाली, पण मेल गेला. एक घासही न खाता बाबा डोळे पुसत म्हणाले, तिखट आहे.

ऑपरेशन नीट झाल्याचं काकांच्या मुलाने नंतर कळवलं. आम्ही घरी पोचलो त्या संध्याकाळी मात्र काकांचाच मेल येऊन पडला होता. पत्ता बदलायचा विषय मी तेव्हापासून काढलेला नाही.

"आता आत नेतायत. कट्टा पाहिला. माझी जागा मोकळी ठेवलीस, बरं केलंस. कोणाला बसू देऊ नकोस, मी येतोय."