तिनं आधीच लिहून ठेवलेले डाव

सोमवारी दुपारी चार वाजता मी डब्यातून सात अक्षरं काढली. सुनंदाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

असे अनुभव छापणारे अंक मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत कपाटात लावले. घरी एकही आणला नाही. आत्मा, संकेत, असलं काही आमच्याकडे मानत नाहीत; आजोबांनी ते छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. मी आजही मानत नाही... तरी झालं ते लिहितो आहे.

आधी खेळ सांगायला हवा. सुनंदा, माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून लग्नानंतर मी हा खेळ काढला. गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्ही इंग्रजी अक्षरांचे शंभर तुकडे केले – ए आणि ई भरपूर, क्यू आणि झेड एकेकच. ते स्टीलच्या एका डब्यात. न बघता सात काढायचे. सातवं अक्षर सक्तीचं, म्हणजे प्रत्येक शब्दात ते हवंच. मग पंधरा मिनिटं, हाताचा आडोसा करून, आपापल्या वहीत सुचतील तेवढे शब्द लिहायचे. दोघांचे सारखे निघालेले शब्द खोडायचे. ज्याचे कमी उरतील त्यानं चहा करायचा.

पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर बहुतेक चहा मीच केला. गेल्या वर्षी मात्र तिच्या याद्या आखूड व्हायला लागल्या. सहा शब्द, कधी चारच. मला वाटलं, मी सुधारलो. "बाई, आता रिटायर व्हा," मी म्हणायचो. "जास्त उडू नका," म्हणत ती गॅसपाशी जाऊन उभी राहायची.

त्याच सुमाराला बुधवारचा खेळ बंद झाला. बुधवारी ती कन्हानला धाकट्या बहिणीकडे, मंगलाकडे जायला लागली. डबा आणि वही सोबत न्यायची. "मंगलाले शिकवून राहिली," म्हणायची. मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायचो.

मग एका सकाळी तिला उठवेना. दवाखान्यात नेलं, आणि आठवड्यात ती गेली. आजार एकदम वाढला, एवढंच मला कळलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. त्या सोमवारी सवयीनं मी डबा घेतला. ए, ई, एल, एन, ओ, आर, आणि सातवं व्ही. मला पाच शब्द सुचले. समोर कोणी नव्हतं, म्हणून तिची वही उघडली – नुसतं अक्षर बघायला. आमच्या शेवटच्या डावानंतरची पानं कोरी असायला हवी होती.

पुढच्याच पानावर, वर, तिच्या अक्षरात: ए, ई, एल, एन, ओ, आर, व्ही. व्हीभोवती गोल. खाली ओव्हन, नॉव्हेल, रेव्हन आणि आणखी नऊ शब्द.

मी वही मिटली. मंगळवारी पुन्हा सात काढली, आणि मगच पुढचं पान उलटलं. तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

तिसऱ्या दिवशी मंगला आली. मी डबा तिच्यासमोर ठेवला.

"मले काय इंग्रजी येते, भाऊजी? नापास करान तुम्ही मले."

"वाचायचं नाही वं. नुसतं काढायचं. सुनंदानं शिकवलंच आहे ना तुला, दर बुधवारी?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं. "हो... थोडंसं."

तिनं तोंड खिडकीकडे करून सात तुकडे काढले. मी ते ओळीनं मांडले आणि वहीचं तिसरं पान तिच्यापुढे धरलं. वाचता येत नसलं तरी आकार जुळवता येतात. तिनं बोट ठेवत ठेवत सातही जुळवले.

"हे ताईनं लिहिलं?"

"हो. कधी, तेच समजत नाही."

मंगला खाटेवर बसली.

"भाऊजी, मले वाटलं आतापरेंत तुम्हाले कोणी सांगलं असन. ताई बुधवारी माह्याकडे नव्हती येत. आम्ही दोघी दवाखान्यात जावो. डॉक्टरनं तिले मागच्या उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं."

"मला काहून नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती तिनं. म्हणे, यायले, म्हंजे तुम्हाले, समजलं तं खेळणं सोडून देतील, दिवसभर माह्या तोंडाकडे पाहत बसतील. नंबर लागेपरेंत बाकड्यावर बसून अक्षरं काढे अन् लिहे. म्या विचारलं, काय करून राहिली ताई? तं म्हणे, पुढचे डाव लिहून ठेवून राहिली."

"आणि तू ऐकलंस तिचं."

"तुम्ही ऐकलं नसतं का?"

मंगला शेवटच्या बसनं गेली.

पानं कशी आली ते कळलं. अक्षरं कशी जुळतात ते नाही. तुकड्यांवर खुणा असतील म्हणून मी एकेक तपासला. मग दुसऱ्या खोक्याचा पुठ्ठा आणला, नवे शंभर तुकडे कापले, नव्या डब्यात घातले. गुरुवारी त्यातून सात काढले. चौथं पान जुळलं.

कॉलेजातल्या गणिताच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं. "सर, वही तुम्ही आधी चाळली असणार," तो सौम्यपणे म्हणाला. चाळली नव्हती. पण त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

मला भीती वाटत नाही. राग येतो. महिनोन् महिने मी जिंकलो म्हणून आजारी बाईला गॅसपाशी उभं केलं, आणि तिनं मला तसं करू दिलं. बहिणीला सांगितलं. माझ्यासाठी पुढचे डाव लिहून ठेवले आणि मी ते खेळेन असं गृहीत धरलं. खेळलो तर तिच्या मनासारखं होतं, जे तिनं मला न विचारता ठरवलं होतं.

गुरुवारनंतर मी एकही अक्षर काढलेलं नाही. वहीला कपड्याचा चिमटा लावला आहे. न वाचता, कडेनं दिसणाऱ्या शाईवरून मोजली: लिहिलेली अकरा पानं उरली आहेत.