रिकाम्या खोक्यांची खोली

भावोजींना या देशात येऊन सोळा वर्षं झाली, पण ते अजून इथं राहायला आलेले नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते. मनातल्या मनात काय म्हणते ते लिहायची सोय नाही.

भावोजी लिफ्टचे मेकॅनिक. हॉस्पिटलं, ऑफिसं, उंच इमारती, जिथं जिथं माणसांना जिने चढायचा कंटाळा तिथं हे पान्यांची पिशवी आणि ग्रीसचा डबा घेऊन हजर. हात चांगला आहे, हे नाइलाजानं कबूल करते. पण लायसन्सची परीक्षा मात्र दिली नाही. का, तर एक-दोन वर्षांत परत जायचंच आहे, कशाला उगाच डोकेफोड. परिणाम असा की ज्या पोरांना यांनी पाना धरायला शिकवलं ती आज साहेब झाली आणि हे अजून त्यांच्या हाताखाली. बरोबरची माणसं सुरुवातीला जेवायला हाका मारायची. तेव्हा हे आपला डबा उचलून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचे आणि मोटारीशेजारी एकटे जेवायचे. ओळखी वाढवून करायचं काय, जायचंच तर आहे. मग हाका बंद झाल्या, आणि भावोजी घरी येऊन सांगायला लागले की इथली माणसं फार कोरडी.

इथली भाषाही ते लिफ्टपुरतीच शिकले. वर, खाली, थांबा, दार सोडा. शेजारीण जिन्यात भेटली की मान डोलावून हसतात आणि घरात येऊन ताईला विचारतात, काय म्हणत होती ती?

आता खोक्यांचं सांगते.

ताईच्या घरात झोपायच्या खोल्या दोन. एकीत ती आणि भावोजी. दुसरीत खोकी. फ्रिजचं खोकं, टीव्हीचं, मिक्सरचं, पंख्याचं, इस्त्रीचं, सगळी रिकामी, जमिनीपासून छतापर्यंत रचलेली. आत ज्याचं त्याचं थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कोणी कधी न वाचलेली माहितीपुस्तकं. परत जाताना सामान नीट बांधून न्यायला लागतील म्हणून ठेवलेली. घरात नवी वस्तू आली की भावोजी चिकटपट्टी ब्लेडनं इतक्या हलक्या हातानं कापतात, की वाटावं आत कुणाचं पोट आहे. यातलं निम्मं सामान केव्हाच खलास झालं. पहिला टीव्ही गेला, मिक्सर जळाला, वॉशिंग मशीन तर दोनदा बदललं. खोकी ठणठणीत. एकदा मी म्हणाले, अहो भावोजी, या खोक्यातलं मशीन भंगारात जाऊन जमाना झाला. त्यावर म्हणाले, खोकं चांगलं मजबूत आहे. शेजाऱ्यानं मोठा टीव्ही घेतला तेव्हा त्याचंही खोकं मागून आणलं. त्या दिवशी भाषा बरी आठवली.

आणि माझी भाची हॉलमध्ये झोपायची.

ताईच्या मांडीवर होती तेव्हा इथं आली, बघता बघता शाळेच्या शेवटच्या वर्षाला पोचली. रात्री घडीची खाट उघडायची, सकाळी मिटून सोफ्याच्या मागे सारायची. पुस्तकं फ्रिजच्या डोक्यावर, कपडे आईच्या कपाटातल्या एका कप्प्यात. भावोजी कामावरून आले की टीव्हीवर तिकडच्या बातम्या लावायचे, मोठ्यानं, कारण बातम्यांतून गावाचा आवाज ऐकू यायला हवा. तेव्हा ही पोर स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर वही ठेवायची आणि उभ्या उभ्या गणितं सोडवायची. ताई भाजी चिरता चिरता तिच्या वहीला जागा करून द्यायची. लहान होती तेव्हापासून खोली मागत होती. तिला दर वेळी तेच उत्तर मिळायचं, की पुढच्या वर्षी आपण जाणार आणि तिकडे तुला अख्खा वरचा मजला देणार. लहानपणी ती खूश व्हायची. मजल्यावर काय काय ठेवायचं ते मला सांगायची. मग सांगेनाशी झाली.

घराची ओढ काय असते ते मला कळत नाही असं कोणी समजू नये. मी लाँड्रीत इस्त्री करते. कधी कधी उगाचच आई आठवते, तिच्या हाताचा वास आठवतो. मग वाफेच्या आड तोंड घालून रडून घेते आणि पुढचा शर्ट ओढते. ताई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. तीही कांदा चिरायच्या निमित्तानं काय रडायचं ते रडते. पण आम्ही बायकांनी शेजाऱ्यांशी मोडकंतोडकं बोलून, चुकून, हसं करून घेऊन इथं बस्तान बसवलं. भावोजींनी ओढीचा धंदाच करून ठेवला. हवा आली की तिकडची हवा, भाजी आली की तिकडची भाजी. मधे दोनदा तिकडे जाऊन आले. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी. तिसऱ्या दिवसापासून धूळ फार, हॉर्न फार, पाणी बाटलीतलंच पाहिजे. त्यांच्या आईला सांगत होते की आमच्याकडे असं नसतं, रांगेत कोणी घुसत नाही. त्या बिचारीनं लेकासाठी बाटलीतलं पाणी मागवलं. आणि परतल्यावर विमानतळावरच्या टॅक्सीत बसल्या बसल्या सुस्कारा, की गावाची सर कशालाच येणार नाही. जिथं नाहीत तिथलं सुख यांना दिसतं, आणि जिथं आहेत तिथल्यांनी यांचं दुःख झेलायचं.

तर असंच चाललं असतं. पण एका रविवारी दुपारी मी ताईकडे चहाला गेले होते आणि फोन आला.

तिकडे पहिल्या नोकरीत भावोजींच्या बरोबर असलेल्या दोस्ताचा फोन होता. त्यानं स्वतःची लिफ्टची कंपनी काढली होती, मोठ्या इमारतींची कामं मिळाली होती, आणि त्याला हाताखालच्या पोरांवर नजर ठेवायला फोरमन हवा होता. तू ये, म्हणाला, तुझ्याशिवाय दुसरा माणूस माझ्या डोळ्यांसमोर नाही, राहायची सोयही मी बघतो. भावोजींना फोन स्पीकरवर लावायची सवय, त्यामुळे सगळं हॉलभर ऐकू आलं. ताईच्या हातातली गाळणी थांबली. पोरीनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

एक फोन येऊ दे, उभ्या उभ्या गाशा गुंडाळतो, हे वाक्य मी त्या घरात चहाबरोबर इतक्यांदा ऐकलंय की साखर कमी-जास्त झाली तर कळू नये पण ते चुकलं तर कळावं अशी माझी गत. आला की फोन. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, बघतो, कळवतो. आणि फोन ठेवून पहिलं काय बोलले? तर तिकडे उन्हाळा फार वाढलाय म्हणतात.

मग एकेक निघायला लागलं. पोरीची परीक्षा. ताईची नोकरी. दोस्ताच्या स्वभावाचा पूर्वीपासूनच भरवसा नाही. गुडघा. कुठल्या तरी बातमीत तिकडे एक लिफ्ट पडल्याचं ऐकलं होतं, तेही निघालं. ताई शांतपणे म्हणाली की नोकरीचं मी बघून घेते, सोडायची तर सोडते. तेव्हा भावोजी तिच्यावरच चिडले, की तुला सगळ्याची घाई.

पोर बाहेर येऊन समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाबा, आपण जाणार आहोत का?"

"विचार चाललाय."

"हो की नाही, एवढंच सांगा. जाणार असू तर मी इथल्या कॉलेजचा विचार सोडते. राहणार असू तर मला ती खोली द्या. मला अभ्यासाला बसायला जागा नाहीये."

इतका सरळ प्रश्न त्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता. भावोजींनी कपातला चहा संपवला, रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"जायचंच आहे," म्हणाले. "खोक्यांना हात लावायचा नाही."

पुढचे दिवस दोस्ताचे फोन येत राहिले. भावोजी वाजत्या फोनकडे बघत बसायचे, वाजायचा थांबला की म्हणायचे, आत्ताच बंद झाला. हे तळ्यात-मळ्यात करता करता शेवटी दोस्ताचा निरोप आला की काम थांबवता येत नव्हतं, दुसरा माणूस घेतला. भावोजींनी कपाळाला हात लावला. आपलं नशीबच फुटकं, म्हणाले. आणि त्या संध्याकाळी हा नशीब फुटलेला माणूस आडवा हात मारून जेवला, पुन्हा वाढ म्हणाला, आणि सोफ्यावर घोरायला लागला. किती दिवसांनी असा झोपला होता.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंडावर म्हणाले, "भावोजी, तुम्हाला जायचं नव्हतंच."

"तुला काय कळणार घराची ओढ," ते म्हणाले.

मी पायात चपला सरकवल्या. पोरीला म्हणाले, माझ्याकडे चल.

माझी खोली लाँड्रीच्या वरच्या माळ्यावर, एकच, तिच्यात पलंग आणि टेबल ठेवलं की माणसानं आडवं चालायचं. पण टेबलाचा एक कोपरा रिकामा होता आणि टीव्ही नव्हता. पोरीनं आईकडे बघितलं. ताई म्हणाली, जा. पुस्तकं भरायला पोरीनं एक खोकं मागितलं. मिक्सरचं, लहानसं.

"ते परत जाताना लागेल," भावोजी म्हणाले.

मी हात जोडले. बोलून तोंडाची वाफ कोण दवडणार. पोटची पोर घर सोडून निघालीय आणि या माणसाला जळून गेलेल्या मिक्सरचं खोकं सोडवेना. आम्ही कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत पुस्तकं भरली. खाली रस्त्यावर एक पिशवी फाटली, आणि आम्ही दोघी फुटपाथवर बसून वह्या गोळा करत होतो. वर बघितलं तर खिडकीत कोणी नव्हतं.

पोर शिकली. मी खाली इस्त्री फिरवायची, ती वर पानं उलटायची. पास चांगली झाली. दुसऱ्या गावातल्या कॉलेजात जागा मिळाली, बसनं अर्ध्या दिवसाचं अंतर. आईला तिनं लगेच सांगितलं. बाबांना सांगेन नंतर, म्हणाली, आणि ताईनंही तोंडात मिठाची गुळणी धरली.

मग एके दिवशी संध्याकाळी भावोजी माझ्या जिन्यावर. हातांना रंग, केसांवर चुना, दम लागलेला. लिफ्टवाल्याला जिना चढवत नव्हता. दारातच उभे राहिले. मी या म्हणाले नाही.

"खोली रिकामी केली," पोरीला म्हणाले. "सगळी टाकली. फ्रिजचं दारातून निघेना, ते फाडून काढलं. रंग पण दिलाय. टेबल आणायचंय, तुला कसलं पाहिजे ते सांग."

ताईनं मला नंतर सांगितलं की पोर गेल्यापासून सोफ्यामागची ती मिटलेली खाट त्यांना बघवत नव्हती. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद करून बसायचे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कीव आली असती असं नाही. खोली रिकामी करायला दोन दिवस लागले यांना. फक्त दोन दिवस.

पोर म्हणाली, "बाबा, मला कॉलेज मिळालंय. इथं नाही, बाहेरगावी. पुढच्या आठवड्यात जाते."

भावोजी हाताचा रंग नखानं खरवडायला लागले.

"मग शिक्षण झालं की येशील ना?"

"ते आत्ता कसं सांगू? काम जिथं मिळेल तिथं."

माझ्या जिभेवर इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. एकेक शब्द घासूनपुसून ठेवलेला. बोलायला तोंड उघडलं, पण ऐकायला समोर कोणी राहिलंय असं वाटलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले आणि गेले.

ती निघाली त्या सकाळी बस स्टँडवर आम्ही चौघंच होतो. भावोजींनी तिची बॅग कोणाला उचलू दिली नाही. बसच्या पोटात स्वतः ठेवली, तीनदा हलवून बघितली. ताई रडत होती, मीही रडत होते, लपवायला वाफ नव्हती. पोर सगळ्यांच्या गळ्यात पडून पायरीवर चढली. भावोजी खालून म्हणाले, "सुट्टी लागली की घरी ये."

ती वळली. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही, खरंच न कळून तिनं विचारलं, कारण त्यांच्या तोंडी घर म्हणजे कायम तिकडचं.

"कुठल्या घरी, बाबा?"

भावोजी एक पाऊल पुढे आले. मागच्या माणसानं तिला पुढे सरकायला सांगितलं, ड्रायव्हरनं दार लावलं, काचेआड ती सीट शोधायला लागली.

"इथं," भावोजी बंद दाराला म्हणाले. "इथंच ये."

तिला ऐकू गेलं नाही.