इंग्रजाचा नकार

बीएस्सी होऊन मी शहागडला घरी बसलो होतो, तेव्हा जालन्याच्या एका बियाणं कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. परदेशी पाहुण्यांना पिकांचे प्लॉट दाखवत हिंडायचं काम होतं आणि इंग्रजी फर्डं पाहिजे होतं. मला ते वाचता येई, लिहिता येई. बोलायला तोंड उघडलं की दातखीळ बसे. ती नोकरी मला इतकी हवी होती, की मी गोठ्यात म्हशीशी इंग्रजीत बोलून पाहिलं. म्हैस ऐकून घ्यायची.

अशात हायवेवर एका इंग्रजाची मोटारसायकल बंद पडली. पार्ट पुण्याहून यायचा होता, म्हणून वडील त्याला सरळ घरी घेऊन आले. खुद्द विलायतेचा मास्तर आमच्या ओसरीवर! मला देव पावल्यासारखं झालं.

पण आमच्याकडे पाहुण्याशी बोलण्याआधी त्याला वाढतात, आणि वाढणं काही संपत नाही. तिसऱ्या पुरणपोळीला तो ‘नो, थँक यू’ म्हणाला. आई वडिलांना म्हणाली, “पाहुणा लाजून राह्यलाय,” आणि चौथी वाढली. त्यानं ताटावर हात आडवा धरला. आडवा हात म्हणजे आता आग्रहाला सुरुवात करा, असं आम्ही समजतो. आईनं तूप त्याच्या हातावरच सोडलं. हात तसाच धरून तो अदबीनं म्हणाला, “दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू, बट आय रिअली कुडन्ट.”

मी समोर बसून ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत होतो. मान जराशी वाकडी, हात छातीवर, आवाजात थोडी दिलगिरी. तो होता तोवर त्याला हवामानावर, शेतीवर, राणीच्या घराण्यावर बोलतं करायची मी फार खटपट केली. मी विषय काढला, की काकू धपाटे घेऊन हजर. त्यानं हसून नकार दिला, गयावया करून दिला, शेवटी डोळ्यांत पाणी आणून दिला. मी सगळे पाठ केले. पार्ट आला त्या सकाळी तो न्याहारीच्या आत निघाला, पळालाच म्हणा.

मुलाखतीला दक्षिणेकडचे एक मोठे साहेब होते. कपाशीच्या संकराबद्दल त्यांनी विचारलं, मी अडखळत का होईना, बरोबर सांगितलं. ते खूश झाले. इंग्रजीत म्हणाले, तुम्ही आम्हाला पसंत आहात, सोमवारपासून याल ना?

आता पहिल्याच वाढणीला हो म्हणणारा आमच्याकडे हावरा ठरतो. मी मान वाकडी केली, हात छातीवर ठेवला आणि न अडखळता म्हणालो, “दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू, बट आय रिअली कुडन्ट.” साहेब चकित झाले. नक्की का, असं त्यांनी विचारलं. आग्रह सुरू झाला म्हणून मला बरं वाटलं आणि मी आणखी गोड नकार दिला. त्यांनी उठून हात मिळवला आणि पुढच्याला आत बोलावलं.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. साहेब काय नुसतं दोनदा विचारून सोडतील? संध्याकाळी शिपायानं दाराला कुलूप लावलं, तेव्हा उठलो.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. “परत इचारलं न्हाई त्यानं?”

“एकदा इचारलं.”

“एकदाच? मंग गेलास न्हाई तेच बराबर. तिथं तुला काय मान राह्यला असता?”

आईलाही ते पटलं. मला बिलकुल पटलं नाही. मला ती नोकरी पाहिजे होती. सकाळच्या गाडीनं जालन्याला जाऊन, साहेब, मला ही जागा हवी आहे, असं सांगता आलं असतं. तेवढं इंग्रजी मला शाळेपासून येत होतं. पण मला हवंय असं तोंडानं म्हणायला आमच्या घरात मला मराठीतही कुणी शिकवलं नव्हतं. मी गेलो नाही.