सुतक नसलेली माणसं

"शिंदेला सुतक लागलंय. तुमच्यात नसतं ना तसलं काही? मग उद्या या तुम्ही."

साहेबांचा फोन. मी तिकोणा पेठेत, माहेरच्या ओट्यावर. अब्बांना माती देऊन पुरुष नुकतेच परतत होते. ऑफिसातल्या शिंदेचे लांबचे चुलते गेले होते. त्यांना त्याने एकदाच, कुणाच्या तरी लग्नात पाहिलेलं. तो तेराव्यापर्यंत घरी. त्याचं काम मी करायचं.

माझे वडील गेले होते.

तरी मी गेले. सकाळची एसटी, लोणावळा, टेबल. सरकारी ऑफिसात मी आस्थापनेची क्लार्क, सगळ्यांच्या रजा माझ्याच हातून जातात. शोकाची वेगळी रजा आमच्याकडे नाही. ज्याच्या घरी कुणी जातं तो आपली अर्जित रजा टाकतो. कुणी काही विचारत नाही. साहेबांच्या आई गेल्या, तेव्हा मी तुंगार्लीला त्यांच्या बंगल्यावर फायली घेऊन जायचे. ते फाटकाशी येऊन सह्या करायचे. डोळे सुजलेले. मला वाईट वाटायचं. अग्नी तर दिला, मग अजून घरी का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दुपारी बैठक. पर्यटकांची गर्दी, पार्किंग, बॅरिकेड. "मॅडम, लिहून घ्या." मी मुद्दे लिहीत होते. एकाखाली एक, नीट. शेजारचा जाधव म्हणाला, "तुमचं बरंय बाई, एका दिवसात मोकळ्या. आमच्यात केस काढा, खाली झोपा, लय लफडी." दोघं-तिघं हसले. साहेबही हसले.

तेवढ्यात फोन. गावातले आबा, अब्बांच्या शेताशेजारचे.

"कुटं हायेस पोरी? तुजी आई काय खाईना. समदी आळी हितं बसलीया. तूच न्हाईस व्हय?"

त्या आळीत आमचं घर एकच मुसलमानाचं. बाकी सगळे आबांसारखे. त्यांनी नव्हतं विचारलं आमच्यात काय असतं आणि काय नसतं.

मी लिहिणं थांबवलं. रजेचा अर्ज खरडला, साहेबांपुढे ठेवला.

"पण माती काल झाली ना?"

"माती काल झाली. वडील आजही नाहीत."

साहेबांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"मी रजा मंजूर केलेली नाही, मॅडम."

"कळलं."

पिशवी उचलली. जिना उतरताना वाटलं, कुणीतरी हाक मारेल. नाही मारली.

ऑफिसात परतले तेव्हा टेबलावर नोटीस. विनापरवानगी गैरहजर. जाधव सांगायला आला, "माफी लिहून द्या बाई, साहेब मिटवतील. कशाला वाढवता?"

खुलासा दिलाय. त्यात माफी नाही. पगार कापा, सेवापुस्तकात लाल शाईने लिहा. शेवटी एक ओळ जास्तीची टाकली आहे: माझी आई हयात आहे. तिच्या वेळीही मी अशीच निघेन. विचारणार नाही, कळवेन.