बेसमेंटमधली संघसभा

अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. इथल्या बहुतेक मराठी घरांत ती असतेच, शोभेची. त्यामुळे कुणी काही विचारत नसे. एकदा एका मित्रानं विचारलंच, तर मी म्हणालो, "सेलमध्ये मिळाली." वडिलांनी ती नागपूरहून विमानात मांडीवर धरून आणली होती. मी हे म्हणालो तेव्हा ते शेजारीच बसले होते. आम्ही बौद्ध आहोत, हे मी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

यंदा मराठी शाळेच्या मुलांनी प्राचीन गणराज्यांवर नाटक बसवलं. तालीम आमच्या बेसमेंटमध्ये. त्यात शाक्यांचे राजपुत्र बुद्धाच्या संघात येतात आणि म्हणतात, आधी आमच्या न्हाव्याला दीक्षा द्या. मग आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल आणि आमचा ताठा उतरेल. हा प्रवेश मीच लिहिला होता.

नाटक बसवणाऱ्या काकू म्हणाल्या, "हा सीन कट करू या. लांबतंय. आणि ते जातीबितीचं इथं कशाला?"

सगळे पालक गप्प. सवयीनं मीही.

माझी मुलगी संघप्रमुख झाली होती, अंगावर केशरी टेबलक्लॉथ. "वेट, काकू! संघात तीनदा विचारतात. मान्य असेल त्यानं गप्प बसायचं, नसेल त्यानं बोलायचं. सीन कट करायचा?"

कुणीतरी हसलं. तिनं पुन्हा विचारलं. आजवर गप्प बसून मी कशाकशाला होकार देत आलो होतो, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मला मान्य नाही," मी म्हणालो.

"काका, तुमचा डायलॉग नाहीये!" न्हावी झालेली चिमुरडी ओरडली.

"डायलॉग नाही गं. आम्ही बौद्ध आहोत. ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली. वरची मूर्तीही त्यांनीच आणली, सेलमधली नाही ती."

काकू वरमल्या. "अहो, मग आधी बोलायचं ना! मी आपली कात्री चालवत सुटले." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "सीन राहणार. चला, पाया पडायची प्रॅक्टिस. मोठ्यांनीसुद्धा!"

काकूंचे यजमान गुडघा धरत वाकले. चिमुरडीनं त्यांच्या टकलावर हात ठेवला, "युवर हेअरकट इज फ्री!"

"यार, उठवा मला कुणीतरी!"

मी इतक्या मोठ्यानं हसलो, की बायको किचनमधून धावत खाली आली. "काय झालं?"

"सांगितलं एकदाचं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिनं ओले हात जीन्सला पुसले आणि पाया पडणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली.