राजा म्हणायचं नाही

आमच्या आईचं एकही वाक्य 'राजा'शिवाय संपायचं नाही. तसं नागपुरात सगळेच म्हणतात म्हणा. जरीपटक्यातला भाजीवाला मलाही म्हणतो, "घे ना राजा, ताजी आहे." पण माझ्या धाकट्या भावाला म्हणताना आईचा सूरच वेगळा लागायचा.

हा भाऊ दूर एका चिमुकल्या बेटावर वर्तमानपत्रात बातम्या-फोटो जुळवून पानं लावायचा. तिथं खरोखरचा राजा आहे. त्याच्याबद्दल छापायचं ते फक्त चांगलं, आणि फोटो पहिल्याच पानावर. एकदा त्यांच्या बातमीदारानं पाणीटंचाईच्या बातमीत राजवाड्यातल्या कारंज्यांचा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी त्याला घरून उचलून नेलं. ते पान माझ्या भावानंच लावलं होतं.

त्या धसक्यानं त्यानं कितीतरी दिवस घरी फोन केला नाही. शेवटी आईनंच लावला, आणि या शहाण्यानं कामाच्या गडबडीत तो स्पीकरवर टाकला. आई कडाडली, "फोन नाही करत ना? मग मर तिकडंच, राजा!"

ऑफिसात निम्म्या लोकांना हिंदी समजायची. 'मर' आणि 'राजा', दोन्ही शब्द त्यांना बरोब्बर कळले. कोणी हसलं नाही म्हणे. एक जण उठून दार लावून आला.

संध्याकाळी मला त्याचा फोन. "ताई, आईले सांग, राजा नको म्हणू. इथं फोन ऐकतात." आधी मला हसूच आलं. मग त्याचा आवाज नीट ऐकला आणि उठून आईकडे गेले.

आईला सांगितलं तर म्हणते कशी, "काहून वं? त्याले लाज वाटून राहिली का माझी?" मग तिला सगळं समजावलं. त्यानंतर ती त्याला नावानं हाक मारू लागली, शाळेत हजेरी घ्यावी तशी. जेवला का? हो. तब्येत? ठीक. संपलं! असा संताप यायचा मला! अरे, पोटच्या पोराशी बोलायला आईनं कोणाची परवानगी घ्यायची?

पुढे ते वर्तमानपत्रच बंद पाडलं आणि भाऊ परत आला. बातमीदाराचं काय झालं, ते त्याला अजून ठाऊक नाही. आईनं गोळाभात केला. जेवता जेवता तो म्हणाला, "आई, आता म्हण ना."

आईनं ताटाजवळ ठेवलेल्या त्याच्या फोनकडे पाहिलं. "आधी तो बाहेर ठेवून ये."

तो ठेवून आला. मग ती म्हणाली, पण कुजबुजत.