मारवेलचा भाऊ

"अहो थांबा, पेर बघू!" म्हणत बाई मागून माझ्या पाठीवर थाप मारायच्या. मी स्कूटरचा ब्रेक दाबेपर्यंत त्या अर्ध्या उतरलेल्या असत. पेणच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी शिकवते. रस्त्याकडेला गुडघे टेकून बसलेल्या बाई तुम्ही पाहिल्या असत्या, तर काहीतरी हरवलंय समजून तुम्हीही शोधायला लागला असता. निडी स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने त्यांचं न पडलेलं कानातलं मनापासून शोधलं होतं.

बहुतेकदा हाती यायचं ते मारवेल. बांधावर, रुळांलगत, कुठेही उगवणारं, गुरांचं आवडतं गवत. बाई काडीचं पेर, म्हणजे सांधा, दाखवायच्या. त्याभोवती पांढऱ्या केसांचं कडं.

"याचा एक भाऊ आहे. दिसायला असाच, पण पेर तुळतुळीत. आता कुठेकुठेच उरलाय."

"मराठीत नाव काय त्याचं?"

"तेच तर. कुणी ठेवलंच नाही."

एका वर्षी दिवाळीनंतर तो भाऊ सापडला. गागोद्याच्या वरच्या माळावर, अंगणाएवढ्या तुकड्यात. बाई गवतावरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात माळाची मालकीण विळा घेऊन आली.

"काय गो बाय, काय हरावलं?"

बाईंनी सगळं सांगितलं. बी गळेपर्यंत एवढा तुकडा कापू नका, म्हणाल्या.

"आन् माजी म्हस काय खाईल? गवत तं गवत."

बाईंनी वाद घातला नाही. तिच्याच घरातून दुसरा विळा मागवला आणि खालच्या बांधावरचं मारवेल कापायला बसल्या. मलाही बसवलं. संध्याकाळी भारे बांधले तेव्हा बाईंच्या तळहाताला फोड आले होते. मालकीण हसली. "ऱ्हाऊ दे तुजा तुकडा. पुढल्या सालीपन ये मातर कापाया."

पुढच्या साली बाई कापायला गेल्या. त्याच्या पुढच्याही. यंदा उन्हाळ्यात आजारी पडल्या, त्यातून उठल्या नाहीत.

दिवाळीनंतर मी एकटीच माळावर गेले. मालकीण म्हणाली, "बाई नाय आली?"

मी सांगितलं. ती त्या तुकड्यापाशी जाऊन बसली. विळ्याच्या टोकाने गवत बाजूला सारत म्हणाली, "तिचा कुठला गो? ह्यो?"

मी वाकून पाहिलं. काड्या वाळल्या होत्या, पेरांवरचे केस झडले होते. दोघे भाऊ एकमेकांत शिरलेले.

"असेल," मी म्हटलं.

"का ह्यो?"

मी तीही काडी फिरवून पाहिली, तिचंही पेर तुळतुळीत.

"मंग ऱ्हाऊ दे सगलाच," ती म्हणाली, आणि दोरी खांद्यावर टाकून खालच्या बांधाकडे निघाली.